वारस, दत्तक आणि मान्यता : नागपूरकर भोसले व पोलंडची राजसत्ता यांच्या उत्तराधिकाराचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातील कारंजा (घाडगे) हे तालुक्याचे गाव नागपूर-अमरावती मार्गावर आहे. कारंजा आणि तळेगाव मागे टाकून तिवशाकडे जाताना वर्धा नदी ओलांडावी लागते. आज ही नदी दोन जिल्ह्यांची आणि दोन महसुली विभागांची सीमा आहे. १७ डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या देवगावच्या तहाने हीच नदी दोन राज्यांची सीमा ठरली होती. नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड नागपूरकर भोसल्यांच्या हातून निसटून निजामाकडे गेले, तर पूर्वेकडील आर्वी-कारंजाचा मुलूख भोसल्यांकडे राहिला. पुढे पन्नास वर्षांनी या दोन्ही तीरांवर कंपनीचा अंमल बसला. मे १८५३ मध्ये निजामाने फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड कंपनीच्या स्वाधीन केले आणि त्याच वर्षी ११ डिसेंबर रोजी तिसरे रघूजी भोसले निधन पावले. पश्चिम तीर कर्जापायी गेला आणि पूर्व तीर वारसाअभावी गेला, असे ढोबळपणे म्हटले जाते.

यातील ‘वारसाअभावी’ हा शब्द तपासून पाहण्यासारखा आहे. औरस पुत्र नाही, हयातीत दत्तक घेतलेला नाही, म्हणून राज्य खालसा झाले, अशी मांडणी पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे होत आली आहे. परंतु थेट वारस नसण्याचा प्रसंग भोसले घराण्यावर १८५३ मध्ये पहिल्यांदाच आला नव्हता. साबाजीचा अल्पकाळचा वादग्रस्त अंमल वगळला, तर पहिल्या रघूजीपासून तिसऱ्या रघूजीपर्यंत नागपूरच्या गादीवर सहा पुरुष बसले. त्यांपैकी जानोजी आणि परसोजी हे दोघेच आधीच्या धन्याचे औरस पुत्र होते. उरलेल्यांपैकी कोणी भाऊबंद होता, कोणी पुतण्या, कोणी चुलतभाऊ, तर कोणी मुलीचा मुलगा. असे असूनही राज्य चालले. मग १८५३ मध्येच ते का थांबले, हा प्रश्न शिल्लक राहतो.

या प्रश्नाचा विचार करताना पोलंडचा इतिहास उपयोगी पडतो. तेथील मूळचे पियास्त घराणे राजपदावरून १३७० मध्ये खुंटले, त्यानंतरचे यागेलो घराणे १५७२ मध्ये संपले; तरीही पोलंडचे राज्य दोन्ही वेळा टिकून राहिले. १७९५ मध्ये मात्र राजा जिवंत असताना राज्य नष्ट झाले. याचा अर्थ असा की वंश खुंटणे आणि राज्य बुडणे या दोन वेगळ्या घटना आहेत. त्यांच्या मधोमध एक तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे नव्या धन्याला मान्यता देण्याचा अधिकार. तो कोणाच्या हातात आहे, यावर बरेच काही अवलंबून असते. प्रस्तुत लेखात नागपूरकर भोसल्यांचा उत्तराधिकार याच अंगाने पाहिला आहे.

सेनासाहेबसुभा : गादी की पद?

तुलना करण्यापूर्वी एक फरक लक्षात घ्यावा लागतो. पोलंडचा राजा अभिषिक्त राजा होता. बोलेस्लाव्ह याचा राज्याभिषेक १०२५ मध्ये झाला, आणि त्याआधी ९६६ मध्ये त्याचा पिता मिएश्को याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हापासून त्या राज्याची ओळख युरोपात रुजत गेली होती. नागपूरकर भोसले मात्र ‘सेनासाहेबसुभा’ होते. हे छत्रपतींनी दिलेले पद होते. १७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटून आले, तेव्हा परसोजी भोसले त्यांना येऊन मिळाले आणि त्या निष्ठेचे फळ म्हणून वऱ्हाडचा अधिकार व हे पद त्यांच्या घराण्यात आले. परसोजींनंतर कान्होजी आले. कान्होजींचे शाहूंशी बिनसले, तेव्हा शाहूंनी त्यांच्याच भाऊबंदांपैकी रघूजींना पुढे केले. रघूजी हे परसोजींच्या भावाचे नातू होते, आणि राणीच्या बहिणीशी विवाह झाल्याने शाहूंचे साडूही होते. १७३० च्या सुमारास त्यांनी कान्होजींना पकडून साताऱ्यास पाठविले आणि सेनासाहेबसुभ्याची सनद मिळविली. म्हणजे भोसल्यांचा सर्वांत कर्तबगार पुरुष मुळात वारसाहक्काने गादीवर आलेला नव्हता. त्याला मान्यता मिळाली होती आणि ती साताऱ्याहून मिळाली होती.

नागपुरात या घराण्याचे पाऊल पडले तेही दुसऱ्या एका घराण्याच्या वारसाच्या भांडणामुळेच. देवगडच्या गोंड राजघराण्यातील बख्त बुलंद याने नागपूर वसविले आणि त्याचा वारस चांद सुलतान याने तेथे राजधानी आणली. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वली शाहने गादी बळकावली, तेव्हा विधवा राणी रतनकुंवर हिने रघूजींना मदतीस बोलाविले. रघूजींनी वली शाहचा पाडाव करून राणीच्या पुत्रांना गादीवर बसविले आणि मोबदला घेऊन ते परत गेले. पुढे बुऱ्हाण शाह व अकबर शाह या भावांत वितुष्ट आले. रघूजी पुन्हा आले, आणि १७४३ मध्ये ते परत गेले नाहीत. गोंड राजाला मात्र त्यांनी पदच्युत केले नाही. बुऱ्हाण शाहकडे राजेपणाचा मान, नेमणूक आणि काही कागदांवर उमटणारा शिक्का राहू दिला. यामागे हिशेब होता. आपण गोंड राजाच्या वतीने कारभार पाहतो असे दाखविता आले, तर पेशव्यांचा वरचष्मा तेवढाच कमी होत असे. नागपूरच्या महाल भागातील गोंडराजाचा किल्ला हा त्या व्यवस्थेचा अवशेष होय. दुसऱ्याच्या गादीला नाममात्र ठेवून सत्ता हाती घेण्याची ही रीत भोसल्यांना चांगली अवगत होती. शंभर वर्षांच्या आत तीच रीत त्यांच्यावरही वापरली गेली, हा योगायोग मात्र इतिहासकारांनी फारसा नोंदविलेला नाही.

चार पुत्र, चार वाटण्या

रघूजींनी बंगालवर स्वाऱ्या केल्या. १७४४ मध्ये अलीवर्दीखानाने त्यांचे सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना भेटीस बोलावून ठार केले, तरी १७५१ च्या तहाने ओरिसाचा ताबा आणि बंगालच्या चौथाईचे सालीना बारा लाख रुपये मान्य करून घेतले. फेब्रुवारी १७५५ मध्ये ते निधन पावले तेव्हा त्यांच्यामागे चार पुत्र होते. वयाने जानोजी वडील, परंतु मुधोजी थोरल्या राणीचे. वडीलपण वयाचे धरावे की मातेच्या मानाचे, हा वाद पुण्यास गेला. पेशव्यांनी जानोजींना सेनासाहेबसुभा ठरविले, मुधोजींना ‘सेनाधुरंधर’ हा किताब व चांदा, साबाजींना दारव्हा आणि बिंबाजींना छत्तीसगड अशी व्यवस्था लागली. या निवाड्यासाठी पेशव्यांनी भारी नजराणा घेतला, हे सांगण्याची गरज नाही.

पोलंडच्या इतिहासात याच्याशी जुळणारा प्रसंग आहे. ११३८ मध्ये तिसऱ्या बोलेस्लाव्हने मृत्युपत्राने राज्य आपल्या पुत्रांत वाटले. क्रॅकाव ज्याच्याकडे तो वडील आणि इतरांनी त्याचे ऐकावे, अशी अपेक्षा होती. ती टिकली नाही. पुढील जवळपास दोन शतके पोलंड लहानमोठ्या संस्थानांत विखुरलेला होता. १३२० मध्ये व्लादिस्लाव्ह याचा राज्याभिषेक झाल्यानंतर एकसंध राज्याची पुन्हा उभारणी झाली. नागपूरकरांची वाटणी इतकी दूरवर गेली नाही. बिंबाजी रतनपुरात जवळजवळ स्वतंत्रपणे नांदले, परंतु चांदा आणि दारव्हा लवकरच पुन्हा नागपूरच्या राजकारणात ओढले गेले. याचे एक कारण असे की मान्यता देणारा पुण्यात बसलेला होता. पोलंडच्या पियास्त राजपुत्रांना असा वरचा हात नव्हता. वरचा हात असण्याचा हा एक लाभ होता. त्याची किंमत मात्र पुढे चुकवावी लागली.

१७७२

जानोजींना पुत्र नव्हता. त्यांनी मुधोजींचे पुत्र रघूजी यांना वारस ठरविले आणि पेशवा माधवराव यांची संमतीही मिळविली. १७६९ च्या कनकापूरच्या तहानंतर नागपूर पुण्याच्या बरेच आधीन झाले होते, त्यामुळे ही संमती आवश्यकच होती. मे १७७२ मध्ये जानोजी वारले आणि नोव्हेंबरमध्ये संमती देणारे माधवरावही गेले. साबाजींनी जानोजींच्या विधवा दर्याबाई यांच्या पाठिंब्यावर गादीवर हक्क सांगितला. पुण्यात तेव्हा नारायणराव, रघुनाथराव आणि बारभाई यांचे राजकारण चालू होते. तेथील पक्ष बदलला की नागपूरच्या वस्त्रांचा धनीही बदलू लागला. शेवटी २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगाव येथे दोघे भाऊ समोरासमोर आले. लढाईत मुधोजी वेढले गेले होते. साबाजी हत्तीवरून त्यांच्याजवळ आले, तेव्हा मुधोजींनी गोळी झाडून भावाला ठार केले. दुसरे रघूजी सेनासाहेबसुभा झाले आणि १७८८ पर्यंत मुधोजींनी त्यांच्या नावाने कारभार केला.

त्याच १७७२ सालच्या ऑगस्ट महिन्यात रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया यांनी पोलंडची पहिली वाटणी केली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण त्यांच्या मुळाशी असलेली स्थिती सारखी आहे. पोलंडमध्ये १५७२ नंतर राजा निवडून आणण्याची पद्धत होती. यागेलो घराण्यातील शेवटचा राजा झिगमुंट ऑगस्ट निपुत्रिक वारला, तेव्हा १५७३ मध्ये वॉर्साजवळच्या मैदानात ४० ते ५० हजार सरदार जमले आणि त्यांनी फ्रान्सच्या राजपुत्रास निवडले. तो दुसऱ्याच वर्षी फ्रान्सचे सिंहासन रिकामे झाल्याचे कळताच गुपचूप निघून गेला. तरीही राज्य कोसळले नाही. शेवटच्या राजाची बहीण आन्ना हिला गादीवर घेऊन ट्रान्सिल्व्हेनियाचा अधिपती स्टीफन बाथोरी याच्याशी तिचा विवाह लावण्यात आला, आणि बाथोरी पोलंडच्या उत्तम राजांपैकी एक ठरला. त्याहीपूर्वी, १३८४ मध्ये, दहा-अकरा वर्षांच्या यादविगाला ‘राणी’ नव्हे तर ‘राजा’ म्हणून अभिषेक झाला होता आणि १३८६ मध्ये लिथुएनियाच्या यागेलोशी तिचा विवाह होऊन नवे घराणे सुरू झाले होते. पुरुषवंश तुटतो तेथे राजवाड्यातील स्त्रिया पूल होतात, हे दोन्हीकडे दिसते. रतनकुंवर, दर्याबाई, बांकाबाई, दुर्गाबाई, अन्नपूर्णाबाई ही नावे नागपूरच्या इतिहासातून वगळली तर उत्तराधिकाराची एकही कथा पूर्ण सांगता येत नाही. इतिहासग्रंथांत मात्र त्यांचा उल्लेख बहुधा ‘कारस्थानी राण्या’ असा एका वाक्यात उरकलेला आढळतो.

निवडणुकीने राजा आणण्याची पद्धत मुळात दुबळी नव्हती. जोवर निवडणारे पोलंडचे होते, तोवर तिने बाथोरी दिला, व्हिएन्ना वाचविणारा सोबिएस्की दिला. अठराव्या शतकात निवड वॉर्साला होत असे, पण निर्णय सेंट पीटर्सबर्गला होऊ लागला. १७३३ मध्ये सरदारांनी स्तानिस्लाव्ह लेश्चिन्स्कीला निवडले, तेव्हा रशिया व ऑस्ट्रियाच्या आधाराने सॅक्सनीचा ऑगस्ट गादीवर आला. १७६४ मध्ये निवडला गेलेला स्तानिस्लाव्ह पोनिआतोव्हस्की हा रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीन यांचा माणूस होता. सुशिक्षित, कलाप्रेमी आणि सुधारणेची मनापासून इच्छा असलेला हा राजा परक्यांच्या मान्यतेने आला होता आणि ती गोष्ट त्याला आयुष्यभर सोडून गेली नाही.

दुर्गाबाईंचा दत्तक आणि १८२६ चा तह

२२ मार्च १८१६ रोजी दुसरे रघूजी वारले. त्यांचे पुत्र परसोजी शरीराने व मनाने अपंग होते. कारभार कोणी पाहावा यावरून राणी बांकाबाईंचा पक्ष आणि रघूजींचे पुतणे आप्पासाहेब यांच्यात चुरस लागली. आप्पासाहेबांनी ती इंग्रजांच्या बळावर जिंकली आणि मे १८१६ मध्ये तैनाती फौजेचा तह केला. थोरल्या रघूजींपासून सर्वांनी जे टाळले होते ते आपल्या कारभारीपणासाठी आप्पासाहेबांनी दोन महिन्यांत देऊन टाकले. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी बिछान्यात मृत आढळले. हा खून आप्पासाहेबांनी करविला असे पुढे मानले गेले. आप्पासाहेब गादीवर आले.

यानंतरचा प्रसंग या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. २४ नोव्हेंबर १८१७ रोजी, पुण्यात इंग्रजांशी युद्ध पेटलेले असताना आणि रेसिडेंट जेंकिन्सचा स्पष्ट विरोध असताना, आप्पासाहेबांनी पेशव्यांकडून आलेली सेनासाहेबसुभ्याची वस्त्रे समारंभपूर्वक स्वीकारली. ज्या पेशव्याची सत्ता दिवसांगणिक ढासळत होती, त्याची वस्त्रे घेण्यात व्यवहारी शहाणपण नव्हते. पण मान्यता कोणाकडून घ्यायची याविषयी भोसल्यांची समजूत काय होती, हे त्यातून उघड होते. इंग्रजांच्या तहाने सत्ता मिळाली होती; वस्त्रांशिवाय ती खरी वाटत नव्हती. २६ व २७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई झाली आणि डिसेंबरात नागपूर पडले. पुढील वर्षी आप्पासाहेब कैद झाले, अलाहाबादकडे नेले जात असताना निसटले, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाने लढले, पंजाबात भटकले आणि १८४० मध्ये जोधपुरात वारले. त्यांना केवळ कारस्थानी ठरविणे सोपे आहे. १८१८ नंतरची त्यांची वणवण मात्र त्या चौकटीत सहज बसत नाही.

गादी रिकामी झाली. कंपनीला राज्य त्याच वेळी खालसा करता आले असते. तसे न करता दुसऱ्या रघूजींच्या मुलीचा मुलगा बाजीबा गुजर याला परसोजींच्या विधवा दुर्गाबाई यांच्या मांडीवर दत्तक देण्यात आले आणि २६ जून १८१८ रोजी तिसरे रघूजी म्हणून गादीवर बसविण्यात आले. येथे तीन गोष्टी नोंदविण्यासारख्या आहेत. दत्तक धन्याच्या मृत्यूनंतर झाला, तो विधवेने घेतला आणि मुलगा दौहित्र होता. कंपनीने या तिन्ही गोष्टी मान्य केल्या. राजा अल्पवयीन असल्याने कारभार जेंकिन्सने पाहिला. घराण्याची बखर काशीराव गुप्ते यांनी लिहिली तीही त्याच्याच सांगण्यावरून.

रघूजी वयात आल्यावर डिसेंबर १८२६ मध्ये नवा तह झाला. त्यातील मुलूख, फौज आणि खर्चाच्या कलमांची चर्चा बरीच झाली आहे. त्याच तहात साताऱ्याचे महाराज व इतर मराठा सत्ता यांच्याशी असलेला पूर्वापार संबंध सोडून देण्याचे आणि त्या संबंधाचे सूचक समारंभ बंद करण्याचे कलमही होते. वरवर पाहता ते निरुपद्रवी वाटते, कारण १८१८ नंतर साताऱ्याच्या मान्यतेला व्यवहारात अर्थ उरला नव्हता. पण वस्त्रे देणारा एक हात सुटला की दुसराच हात उरतो. १८२६ मध्ये राजाच्या गळ्यात नवा फास पडला नाही. जुना आधार तेवढा निघून गेला.

पोलंडने याच्या उलट दिशेने प्रयत्न केला होता. ३ मे १७९१ च्या राज्यघटनेने राजाची निवडणूक रद्द करून गादी सॅक्सनीच्या घराण्यात वंशपरंपरागत केली. एकट्या सदस्याच्या विरोधाने सभा मोडण्याचा हक्कही काढून टाकला. परक्यांना आत येण्याची वाटच बुजवावी असा तो उपाय होता. शेजाऱ्यांनी तो धोका ओळखला. १७९३ मध्ये दुसरी वाटणी झाली, १७९५ मध्ये तिसरी, आणि पोनिआतोव्हस्कीने त्याच वर्षी राजत्याग केला. १७९८ मध्ये तो सेंट पीटर्सबर्गला वारला.

१८५३-५४

तिसऱ्या रघूजींना पुत्र नव्हता आणि त्यांनी हयातीत दत्तक घेतला नाही. त्यांच्या निधनानंतर वयोवृद्ध बांकाबाई व विधवा राण्या यांनी घराण्याशी नाते असलेल्या यशवंतराव अहेरराव यांच्या दत्तकाचा आग्रह धरला. हिंदू रीतीने त्यात वावगे काही नव्हते आणि घराण्याच्या रीतीने तर मुळीच नव्हते. खुद्द दिवंगत राजा असाच आला होता. रेसिडेंट मॅन्सेल याने राज्य टिकवावे असे सुचविले आणि कौन्सिलातील कर्नल लो यांनी खालसा धोरणाला विरोध नोंदविला. लॉर्ड डलहौसीने २८ जानेवारी १८५४ च्या टिपणात दोघांचेही ऐकले नाही. १८१८ मध्ये हे राज्य जिंकून कंपनीने पुन्हा दिलेले होते, म्हणून वारस नसता ते देणाऱ्याकडे परत येते, असा त्याचा मुख्य युक्तिवाद होता. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा विचारही त्याने लपविला नाही. आर्वी-हिंगणघाटच्या काळ्या जमिनीत पिकणारा कापूस या राजकारणात कोठे होता, हे त्यावरून समजते.

या युक्तिवादाचा गाभा कायद्याचा नव्हता. १८१८ चा दत्तक वैध होता, तर १८५४ चा अवैध ठरविण्याला रूढीत आधार सापडत नाही. फरक एवढाच होता की १८१८ मध्ये मान्यता देणाऱ्याला राज्य हवे नव्हते आणि १८५४ मध्ये हवे होते. १७५५ किंवा १७७२ मध्ये पुण्याने नजराणा घेतला, पक्षपात केला, भाऊबंदकी वाढविली. परंतु पुण्याला नागपूरची गादी कोणाकडे तरी असलेली हवी होती. पोलंडच्या सरदारांनाही राजा हवा होता, दुबळा का असेना. कंपनीला राजाची गरजच उरली नव्हती.

त्यानंतर राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल पडत्या भावाने विकले गेले, जवाहीर कलकत्त्यास लिलावासाठी गेले आणि त्या पैशांतून राजकुटुंबासाठी ‘भोसला फंड’ उभारण्यात आला. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला, १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा जिल्हा वेगळा काढला गेला आणि कारंजाचा परिसर त्यात आर्वी तहसिलीत मोडू लागला.

१८५७ च्या उठावात बांकाबाई इंग्रजांच्या विरोधात गेल्या नाहीत. त्याची जाण ठेवून सरकारने पुढे यशवंतरावांचा दत्तक मान्य केला. तो राज्यासाठी नव्हता, केवळ कौटुंबिक होता. ते जानोजी भोसले झाले आणि त्यांना ‘राजाबहादूर’ हा किताब मिळाला. किताब नागपूरच्या नावाने देण्यात आला नाही. घराण्याच्या जुन्या वतनाचे गाव देऊर, त्याच्या नावाने तो देण्यात आला. आणि हे देऊर सातारा जिल्ह्यात आहे.